जुन्नरचा घोडा, एक हजार सुवर्णनाणी आणि अश्रद्धेचा अपराध

(दीर्घ धागा)

१. इसवी सन १४७० च्या आसपासचा पावसाळा. स्थळ जुन्नर. बहमनी सुलतानाच्या या ठाण्याचा अधिकारी असदखान एका परदेशी व्यापाऱ्याचा घोडा जप्त करतो आणि त्याच्यासमोर दोन पर्याय ठेवतो. मुसलमान हो, म्हणजे घोडा परत मिळेल आणि वर एक हजार सुवर्णनाणी मिळतील. नकार दिलास, तर घोडा जाईलच आणि एक हजार सुवर्णनाण्यांचा दंडही तुझ्या माथी बसेल. विचार करण्यास मुदत चार दिवसांची. तो व्यापारी म्हणजे रशियातील त्वेर नगराचा अफनासी निकितीन.

२. या चार दिवसांची हकिकत बहुतेकांनी ओझरती वाचलेली असते. कोणी ती मुसलमानी राजवटीच्या जुलमाचा पुरावा म्हणून सांगतो, तर कोणी ती अपवादात्मक ठरवून पुढे सरकतो. दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला हात घालत नाहीत. तो प्रश्न असा: एखाद्या माणसाचा एखाद्या धर्मावर विश्वास नसणे हा नैतिक अपराध आहे काय? असल्यास त्याचा न्याय कोणी करायचा? आणि विश्वास असलेल्या माणसाच्या वर्तनाचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा? जुन्नरच्या या प्रसंगात हे तिन्ही प्रश्न एकत्र आले आहेत.

३. प्रथम निकितीनची वाट पाहू. त्वेरहून व्होल्गा नदीने तो व्यापारासाठी निघाला. अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. त्या लुटीत त्याचे धर्मग्रंथही गेले आणि ही हानी त्याला पुढे जन्मभर सलत राहिली. दरबंद, बाकू, इराण असा प्रवास करीत तो होर्मुझला पोहोचला. तेथून गलबतात घोडा चढवून दीव, खंबायत करीत तो चौल बंदरात उतरला आणि पाली, उमरी या वाटेने घाट चढून जुन्नरला आला. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या सुमारे पाव शतक आधीची ही गोष्ट आहे.

४. घोडाच का? दख्खनच्या हवेत उत्तम जातीच्या घोड्यांची पैदास नीट होत नसे. बहमनी आणि विजयनगर या दोन्ही सत्तांचे घोडदळ अरबस्तान, इराणहून येणाऱ्या जनावरांवर अवलंबून होते. चौल, दाभोळ ही बंदरे या व्यापारावर जगत. निकितीनने आपल्या घोड्यासाठी शंभर रुबल खर्च केले होते. लुटल्या गेलेल्या माणसाची ती अखेरची पुंजी होती. तो घोडा गेला असता, तर परतीची वाटही बंद झाली असती.

५. जुन्नरचे त्याने केलेले वर्णन आजही ओळखू येते. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. त्याच दिवसांत लोक नांगरणी, पेरणी करतात. घोड्यांना खिचडी शिजवून साखर, लोणी घालून चारतात. परक्या पाहुण्याला उतरायला सराया आहेत. कोणी माणसाने न घडवलेल्या खडकावर गाव वसलेले आहे आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद की दोघांना शेजारी शेजारी चालता येत नाही. हे वर्णन शिवनेरीचे असावे असे मानले जाते. असदखानाजवळ हत्ती, घोडे पुष्कळ असूनही तो माणसांच्या खांद्यावरून फिरतो, हेही निकितीनच्या नजरेने टिपले आहे.

६. आता संकटाचा क्षण. निकितीन लिहितो त्याचा आशय असा, की हा माणूस मुसलमान नसून रशियन आहे हे खानाला कळले आणि मग घोडा जप्त झाला. ‘कळले’ या शब्दात पुष्कळ काही दडले आहे. तोवर त्याच्याबद्दल निराळा समज असावा. दख्खनमध्ये निकितीन ‘ख्वाजा युसुफ खोरासानी’ या नावानेही वावरला, हे त्याने स्वतःच नोंदवले आहे. म्हणजे खान निर्दय खरा, पण व्यापारीही पूर्णपणे उघड्या चेहऱ्याने वावरत नव्हता. या गोष्टीत निर्मळ पांढरे आणि निखळ काळे असे कोणी नाही.

७. मुदत संपत आली. ऑगस्ट महिन्यातील एका ख्रिस्ती सणाच्या आदल्या दिवशी खोरासानचा एक मुसलमान गृहस्थ जुन्नरला आला. निकितीनने त्याचे नाव ख्वाजा महंमद अशा आशयाचे दिले आहे. निकितीनने त्याचे पाय धरले. तो घोड्यावर बसून खानाकडे गेला, या माणसाला बाटवू नये म्हणून रदबदली केली आणि घोडाही सोडवून आणला. निकितीनने याला आपल्या देवाचा चमत्कार म्हटले. तो चमत्कार ज्याच्या हातून घडला तो माणूस मात्र मुसलमान होता.

८. असदखानाचे वर्तन त्याच्याच धर्मपरंपरेच्या कसोटीवर घासून पाहणे हे येथे सर्वांत उपयोगाचे. बाहेरची, आजची कसोटी लावली की लगेच उत्तर येते, ‘तो काळच तसा होता.’ हे उत्तर आळशी आहे. त्या काळालाही स्वतःचे कायदे होते, स्वतःचे वाद होते आणि अपराध कशाला म्हणावे याविषयी शतकानुशतके चाललेले सूक्ष्म चिंतन होते. ते चिंतन जुन्नरच्या अधिकाऱ्याला ठाऊक नसेल, पण ते अस्तित्वात होते.

९. इस्लामी धर्मशास्त्रात अश्रद्धेच्या दोषाचा प्रश्न फार जुना आहे. ज्याच्यापर्यंत प्रेषिताचा संदेशच पोहोचला नाही, त्याला दोषी कसे धरावे? संदेशवाहक पाठवल्याखेरीज ईश्वर कोणाला शिक्षा करीत नाही, असे कुराणाच्या सतराव्या अध्यायात आले आहे. अशअरी पंथाच्या विद्वानांनी त्यावरून निष्कर्ष काढला, की संदेश पोहोचण्यापूर्वी माणसावर धार्मिक बंधन नाही. मुतझिली पंथाचे म्हणणे निराळे होते. ईश्वराचे अस्तित्व आणि बऱ्यावाईटाचा भेद बुद्धीनेच कळतो, म्हणून बुद्धी असलेला प्रत्येक जण उत्तरदायी आहे. मातुरीदी विचार या दोहोंच्या मधला.

१०. या वादात सर्वांत लक्षणीय नाव इमाम गझाली यांचे. खोरासानातील तूस हे त्यांचे गाव. मृत्यू ११११ साली. ‘फैसल अत्-तफरिका’ या ग्रंथात त्यांनी इस्लामबाहेरच्या लोकांचे तीन वर्ग केले. ज्यांनी प्रेषिताचे नावही ऐकले नाही ते पहिले. ज्यांनी नाव, गुण, चमत्कार सारे ऐकले, जे मुसलमानांमध्ये वावरले आणि तरीही हटवादाने पाठ फिरवली ते दुसरे. आणि ज्यांच्या कानी बालपणापासून केवळ विपर्यस्त, बदनामीचे वर्णन पडले ते तिसरे. गझालींच्या मते पहिला आणि तिसरा वर्ग क्षम्य आहे. दोष केवळ दुसऱ्या वर्गाचा.

११. गझालींनी दिलेले उदाहरणही जुन्नरच्या प्रसंगाशी नाते सांगणारे आहे. आपल्या काळातील रूमचे ख्रिस्ती आणि दूरवरचे तुर्क यांपैकी बहुसंख्य लोकांवर ईश्वराची कृपा होईल, असे त्यांनी म्हटले. त्वेरच्या बर्फात वाढलेला ख्रिस्ती शेतकरी या कसोटीवर निःसंशय निर्दोष ठरतो. निकितीनचे प्रकरण अधिक अवघड आहे. तो मुसलमानांमध्ये वर्षानुवर्षे राहिला होता, त्यांच्या भाषा बोलत होता, त्यांच्या प्रार्थना त्याला पाठ होत्या. कठोरपणे पाहिल्यास तो दुसऱ्या वर्गाच्या उंबरठ्यावर उभा आहे.

१२. पण गझाली तेथेच थांबत नाहीत. संदेश ऐकून ज्याच्या मनात प्रामाणिक जिज्ञासा जागली, ज्याने शोध सुरू केला आणि शोध पुरा होण्यापूर्वी ज्याला मृत्यूने गाठले, तोही क्षम्य असे ते सांगतात. त्यांच्याही आधी, नवव्या शतकात, बसऱ्याच्या जाहिझ या मुतझिली विचारवंताच्या नावावर याहून धाडसी मत सांगितले जाते: ज्याने मनापासून शोध घेतला आणि तरीही ज्याला पटले नाही, त्याचा अपराध नाही. बहुतेक विद्वानांनी हे मत फेटाळले. तरी ते परंपरेच्या आत मांडले गेले होते, ही गोष्ट उरतेच.

१३. मग निकितीन कोण? हट्टी की शोधक? त्याचे प्रवासवर्णनच याचे उत्तर देते. त्याच्याजवळ ग्रंथ नाहीत, त्यामुळे ईस्टर कधी, उपवास कधी याचा हिशेब चुकतो. तो मुसलमानांच्या रोजांबरोबर उपास धरतो आणि त्याबद्दल मनात झुरतो. रशियन मजकुराच्या मध्येच तो फारसी, तुर्की, अरबी शब्दांत प्रार्थना लिहितो. खरा धर्म कोणता हे ईश्वर जाणे, एकच ईश्वर ओळखावा आणि शुद्ध अंतःकरणाने त्याचे नाव घ्यावे, अशा आशयाचे शब्द तो लिहून जातो. हे हटवादी माणसाचे शब्द नव्हेत.

१४. आणखी एक प्रसंग. मलिक नावाच्या एका मुसलमानाने त्याला इस्लाम स्वीकारण्याचा फार आग्रह केला. निकितीनने सांगितले, तुम्ही नमाज पढता, मीही प्रार्थना करतो. तुमच्या पाच, माझ्या तीन. मी परदेशी, तुम्ही येथले. त्यावर मलिकने शेरा मारला, की तू मुसलमान तर नाहीसच, पण ख्रिस्ती धर्मही तुला धड ठाऊक नाही. हा शेरा निकितीनच्या जिव्हारी लागला आणि त्याने तो लपवला नाही. येथे तलवार नाही, घोडा नाही, मुदत नाही. दोन माणसे बोलत आहेत. श्रद्धेविषयी आग्रह धरण्याची ही रीत आणि असदखानाची रीत यांतला फरक हाच या धाग्याचा गाभा आहे.

१५. काही संशोधकांनी पुढे असेही प्रतिपादन केले, की ग्रंथाच्या अखेरीस आलेल्या इस्लामी प्रार्थना पाहता निकितीनने भारतात प्रत्यक्ष धर्मांतर केले असावे. इतरांच्या मते तो अखेरपर्यंत ख्रिस्तीच होता आणि त्या प्रार्थना त्याच्या एकाकीपणाची भाषा होती. हा वाद पाचशे वर्षांनंतरही संपलेला नाही. एखाद्या माणसाने आपले अंतरंग स्वतःच्या हाताने लिहून ठेवल्यानंतरही विद्वानांना त्याची श्रद्धा निश्चित करता येत नसेल, तर जुन्नरच्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याने चार दिवसांत ती काय निश्चित केली असती?

१६. आता असदखानाची बाजू. त्याच्या बचावार्थ तीन मुद्दे मांडता येतात. पहिला, कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील धर्मात सक्ती नाही हे वचन काही भाष्यकारांनी मर्यादित मानले. मान्य. पण ज्यांनी मर्यादा घातली, त्यांतील अनेकांनी ते वचन ग्रंथधारी लोकांसाठी, म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती यांच्यासाठी लागू धरले. निकितीन ख्रिस्ती होता. सर्वांत अरुंद अर्थ घेतला तरी ते वचन त्याच्या डोक्यावर छत्र धरते. बचावाचा पहिला मुद्दा येथेच कोसळतो.

१७. दुसरा मुद्दा असा, की परका माणूस वेषांतर करून आला, म्हणजे त्याने राज्याची फसवणूक केली. यात थोडे तथ्य आहे. परंतु परदेशी व्यापाऱ्याला अभय देण्याची ‘अमान’ ही संस्था इस्लामी कायद्यात पक्की रुजलेली होती. बहमनी राज्य तर परदेशी व्यापाऱ्यांच्या बळावरच उभे होते. असदखान ज्याच्या पदरी होता तो वजीर महमूद गवान स्वतः इराणच्या गिलान प्रांतातून आलेला, आणि त्याचा किताब होता ‘मलिक-उत्-तुज्जार’, व्यापाऱ्यांचा राजा. फसवणुकीची शिक्षा द्यायचीच होती, तर तिचा धर्मांतराशी संबंध काय?

१८. तिसरा मुद्दा सर्वांत कच्चा: खानाला त्या माणसाच्या आत्म्याच्या उद्धाराची तळमळ होती. मग तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घोडा कशाला? इमान स्वीकारले तर हजार नाणी, नाकारले तर हजार नाण्यांचा दंड. ही भाषा बाजाराची आहे. उत्तम घोडा हाती लागण्याची ही संधी होती आणि धर्म हे तिचे सोयीचे आवरण होते. परलोकातील न्यायाचा अधिकार ईश्वराकडून आपल्या कचेरीत ओढून आणणे आणि तो लोभासाठी वापरणे, हा दोष कोणत्याही कलामशास्त्रात क्षम्य नाही. बरेवाईट बुद्धीने कळते असे म्हणा, बुद्धी त्याला दोषी ठरवते. ते ग्रंथाने कळते असे म्हणा, ग्रंथही त्याला दोषी ठरवतो.

१९. येथून वर्तनाचा प्रश्न सुरू होतो. बहमनी दरबारात ‘आफाकी’ म्हणजे परदेशी आणि ‘दख्खनी’ म्हणजे स्थानिक असे दोन मुसलमान गट होते. १४८१ साली दख्खनी गटाने महमूद गवानविरुद्ध कट केला. त्याचा शिक्का हस्तगत करून ओरिसाच्या राजाला उद्देशून एक बनावट पत्र तयार करण्यात आले. मद्याच्या अमलाखाली असलेल्या सुलतान महंमदशाहाने चौकशी न करता त्या वृद्ध, निष्ठावंत वजिराचा शिरच्छेद करवला. बिदरची भव्य मदरसा बांधणारा माणूस खोट्या कागदावर मारला गेला. मारणारे आणि मरणारा, सर्वांचे इमान एकच होते.

२०. या कटाचा एक सूत्रधार होता मलिक हसन बहरी. फिरिश्ता या इतिहासकाराच्या मते हा मूळचा ब्राह्मणाचा मुलगा. पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला, विजयनगरच्या मुलखातून बालपणी कैद होऊन आलेला आणि राजवाड्यातील गुलाम म्हणून वाढवलेला. त्याचे धर्मांतर त्याने केले नव्हते. ते त्याच्यावर झाले होते. त्यासाठी त्याला कोण दोष देईल? पण गवानच्या विरुद्धचे कारस्थान हे प्रौढ, जाणत्या, सत्ताधारी माणसाचे कृत्य होते. त्याचा दोष त्याचाच. एकाच माणसाच्या आयुष्यात ही सीमारेषा इतकी स्पष्ट दिसावी, असे इतिहासात क्वचित घडते.

२१. याच मलिक हसनचा मुलगा मलिक अहमद. जुन्नर हेच त्याचे ठाणे. १४९० साली त्याने येथूनच स्वातंत्र्य पुकारले आणि निजामशाहीचा पाया घातला. निकितीनला जेथे चार दिवसांची मुदत मिळाली होती, तेथे सुमारे वीस वर्षांनी एका बाटवलेल्या ब्राह्मण मुलाचा पुत्र स्वतंत्र सुलतान झाला. जन्माने, सक्तीने किंवा निवडीने मिळालेल्या श्रद्धेवरून माणसांची वाटणी करणाऱ्यांनी या घराण्याला कोणत्या रकान्यात बसवायचे, हे एकदा सांगावे.

२२. प्रश्न केवळ इस्लामचा नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. बिदरला गेल्यावर निकितीन हिंदूंमध्ये मिसळला. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत असे त्याने सांगितले, तेव्हा त्यांनी आपले खाणेपिणे, पूजा, व्यवहार त्याच्यापासून लपवणे सोडले. त्याच वेळी त्याने हेही टिपले, की येथे अनेक पंथ आहेत आणि ते एकमेकांत जेवत नाहीत, सोयरीक करीत नाहीत. परक्या मताच्या माणसाशी सक्ती न करणे हा या समाजाचा गुण होता. पण सक्तीला बळी पडलेल्या आपल्याच माणसाला दोषी धरून दाराबाहेर ठेवणे हा त्याच समाजाचा मोठा अवगुण होता.

२३. त्यावरही परंपरेच्या आतच उपाय सांगितलेला होता. म्लेंच्छांनी बळजबरीने भ्रष्ट केलेल्यांना प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, असे देवलस्मृती सांगते. इस्लामच्या बाजूनेही समांतर तत्त्व आहे: जबरदस्तीने तोंडी धर्म नाकारावा लागला, पण हृदय श्रद्धेवर स्थिर आहे, अशा माणसाला कुराणाच्या सोळाव्या अध्यायात दोषमुक्त धरले आहे. दोन्हीकडचे शास्त्र एका गोष्टीवर एकमत आहे. मानेवर सुरी असताना उच्चारलेले शब्द हे श्रद्धेचे प्रमाण नव्हे. मग सुरी धरणाऱ्याला त्या शब्दांतून नेमके काय मिळते?

२४. जुन्नरच्या शिवनेरीवर १६३० साली जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. सेनापती नेताजी पालकर मोगलांच्या हाती सापडले. १६६७ साली त्यांचे धर्मांतर झाले, मुहम्मद कुलीखान असे नाव पडले आणि काबूलच्या मोहिमेवर रवानगी झाली. १६७६ साली ते परत आले, तेव्हा महाराजांनी त्यांना प्रायश्चित्तपूर्वक स्वधर्मात घेतले. नऊ वर्षे परक्या नावाने जगलेल्या माणसाला ‘तू तेव्हा मेला का नाहीस’ असे विचारले गेले नाही. सक्तीचा दोष सोसणाऱ्यावर नाही, हे तत्त्व त्या एका कृतीने मराठी मुलखात जिवंत झाले.

२५. याच खोऱ्यात एक जुना प्रतिध्वनी आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. त्यांतील शिलालेखांत इरिल, चिट, चंद या यवनांनी, म्हणजे परदेशी माणसांनी, दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भोजनमंडप. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत नाणेघाटाच्या व्यापारी वाटेने येथे पोहोचलेल्या या परक्यांनी दुसऱ्या धर्माच्या संघाला आपण होऊन दान दिले. त्यांचे नाव दगडावर राहिले. श्रद्धा जेव्हा मुक्त असते, तेव्हा ती टाकी खोदून देते. असदखानाने जो ‘मुसलमान’ घडवला असता, त्याने जुन्नरला काय दिले असते?

२६. निकितीनने चार दिवसांचा हा प्रसंग विसरला नाही. हिंदुस्थानात व्यापाराला जायचे असेल, तर आपला धर्म घरी ठेवून जावे, असा कडवट सल्ला त्याने आपल्या देशबांधवांना दिला आहे. ऑगस्टच्या मध्यावर मेरीमातेच्या सणाला त्याने जुन्नर सोडले आणि तो बिदरच्या वाटेला लागला. मायदेशी परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याचा मृत्यू झाला. त्वेर त्याला पुन्हा दिसले नाही. त्याची वही मॉस्कोला पोहोचली, इतिवृत्तात समाविष्ट झाली आणि पुढे एकोणिसाव्या शतकात करमझीन या इतिहासकाराने ती उजेडात आणली. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांनी त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. रेवदंड्याला त्याचे स्मारकही आहे.

२७. या इतिहासातून काढता येणारा निष्कर्ष साधा आहे, पण तो पाळणे कठीण. श्रद्धा आणि अश्रद्धा या मनाच्या अवस्था आहेत. त्यांत दोष असलाच, तर तो तपासण्याइतके कोणाचेही अंतरंग दुसऱ्या माणसाला दिसत नाही. गझालींसारखा श्रद्धावान माणूसही तो निवाडा ईश्वराकडे सोपवतो. वर्तन मात्र सर्वांना दिसते. घोडा कोणी ओढून नेला, खोटे पत्र कोणी लिहिले, मूल कोणी पळवले, दार कोणी लावून घेतले, हे पाहायला दिव्यदृष्टी लागत नाही. मनुष्याच्या न्यायालयाची हद्द येथपर्यंतच आहे.

२८. म्हणून या प्रसंगाचा वापर एखाद्या जमातीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी करणाऱ्यांनी ख्वाजा महंमदाचे काय करायचे ते ठरवावे. आणि असदखानाचे वर्तन झाकून ठेवणाऱ्यांनी निकितीनच्या त्या चार रात्रींचे काय करायचे ते ठरवावे. दोघेही एकाच धर्माचे, एकाच काळातले, एकाच गावात आलेले. एकाने धर्माच्या नावाखाली लूट केली, दुसरा एका अनोळखी काफिराचे धर्मस्वातंत्र्य मागायला पावसापाण्यातून घोड्यावर बसून गेला. काळाने दोघांनाही सारखीच सबब दिली होती. ती एकानेच वापरली.

२९. शिवनेरीला जाणाऱ्या तरुणांनी पुढच्या पावसाळ्यात पायथ्याच्या त्या गावाकडे एकवार या दृष्टीने पाहावे. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात गणपती आहे, मानमोडीवर जैन अंबिका आहे, गावात दर्गे आणि मशिदी आहेत, आणि कोठेतरी ती सराय होती जिच्यात एक भेदरलेला रशियन दिवस मोजत बसला होता. त्याला ठाऊक नव्हते की आपले काय होणार. त्याने धर्म सोडला असता तरी त्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला नव्हता. दोष कोणाकडे जातो, हे त्या चार दिवसांतही जुन्नरमध्ये निदान एका माणसाला नीट कळले होते.

(धागा समाप्त)